नवीन सार्वजनिक वाचनालय: वीस गुंठ्यांत इमारत नेमकी कुठं बसवावी?

कळंबेकर · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आमच्या भागात, कोल्हापुरात कळंबा रोडच्या बाजूला, सार्वजनिक वाचनालयासाठी वीस गुंठे जागा मिळाली आहे. वाचनालय सध्या भाड्याच्या दोन गाळ्यांत चालतं. पुस्तकं सतरा हजारांच्या घरात, आणि कपाटं आता जिन्यात आलीत. कागदपत्रं झाली, मोजणी झाली. आर्किटेक्टनी तीन आराखडे दिलेत आणि कार्यकारिणीत बरोबर तीन तट पडलेत. म्हणून म्हटलं इथं विचारावं. इथं निदान प्रत्येक बैठकीला चहा सांगावा लागत नाही.

जागा अशी: पूर्वेला चाळीस फुटी रस्ता. रस्त्याकडची रुंदी ११० फूट, आत खोली १९८. रस्त्यापासून मागं पाचेक फुटांचा उतार आणि मागं, म्हणजे पश्चिमेला, ओढा. उत्तरेला शाळेचं मैदान. दक्षिणेला मंगल कार्यालय (डॉल्बीसकट). वायव्य कोपऱ्यात जुनी चिंच, एकट्याच्या कवेत न मावणारी.

पर्याय १: इमारत पुढं रस्त्याकडं, पार्किंग मागं.
पर्याय २: इमारत मधोमध, चारी बाजूंनी बाग.
पर्याय ३: एल आकार. एक हात मागं ओढ्याच्या बाजूला, दुसरा दक्षिणेला. मधलं अंगण रस्त्याकडं उघडं.

पहिल्या टप्प्यात फक्त तळमजला, पाच हजार चौरस फुटांच्या आत. वरचा मजला पैसे येतील तसा. बहुतेकांना पर्याय ३ आवडलाय, कारण चित्रात तो झकास दिसतो. मला तो खटकतोय, पण बोट ठेवता येईना. बोला.

तांबडा_पांढरा · सोमवार, रात्री ९.५२

पर्याय ४: मंगल कार्यालयच विकत घ्या. हॉल तयार, पंखे तयार, बुफेच्या टेबलांवर पुस्तकं मांडायची. आहेर म्हणून प्रत्येकानं एक पुस्तक आणायचं.

पेठेतला · सोमवार, रात्री ९.५८

गाडी सावलीत लागती त्या पर्यायाला आपलं मत. बाकी विषय नंतर.

विटा_सिमेंट · सोमवार, रात्री १०.३१

धागाकर्ते, चित्र बाजूला ठेवा आणि आधी माती बघा. ओढ्याकडच्या बाजूला काळी माती खोल असणार, रस्त्याकडं मुरूम लवकर लागेल. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरची भिंत तिच्याबरोबर हलते. म्हणजे मागच्या बाजूला पायाच खोल न्यायचा, नाहीतर भेगा मोजत बसायचं. पर्याय ३ मधला मागचा हात तुम्हाला पायातच महाग पडणार. पुढं, मध्ये आणि मागं असे ट्रायल पिट (माती बघायला खणतात ते खड्डे) घ्या. जेसीबीचं थोडक्यातलं काम आहे, पण निम्मे वाद तिथंच मिटतात.

दुसरं वजन. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला दोनशे किलोच्या हिशेबानं धरतात. वाचन कक्ष धरायचा तीनशे ते चारशेनं. पुस्तकांच्या रॅकची खोली मात्र सहाशे किलोनं, तीही रॅक २.२ मीटर उंचीपर्यंत असतील तर. त्याच्या वर दर मीटर उंचीला आणखी दोनशे. हे माझं मत नाही, भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात लिहिलंय. तीन फुटी फळी गच्च भरली की तीस किलोच्या आसपास जाते, मग दोन्ही बाजूंनी सहा-सहा फळ्यांच्या रॅकचा हिशेब तुम्हीच करा.

म्हणून पुस्तकं तळमजल्यावर, माणसं वर. स्वस्तात पडतं.

पंचगंगाकाठ · सोमवार, रात्री ११.०५

विटा_सिमेंट साहेब, बाकी सगळं मान्य, पण "पुस्तकं तळमजल्यावर" हे वाचून अंगावर काटा आला. आम्ही शाहूपुरीतले. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. २०१९ ला पाणी ५५ च्या वर गेलं, २०२१ ला परत तेच. घरातली पुस्तकं खालच्या कपाटात होती. भिजलेलं पुस्तक फुगतं, कपाटात अडकून बसतं, आणि शेवटी पहारीनं कपाट फोडावं लागतं. कव्हर हातात आणि आतला लगदा कपाटात. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही २०२१ च्या पुरात पाणी शिरलं होतं. ओढा शेजारी असताना तळमजल्यावर पुस्तकं? नको.

विटा_सिमेंट · सोमवार, रात्री ११.२०

शाहूपुरी वेगळी आणि कळंबा रोड वेगळा. तिकडं पंचगंगेची फूग चढत नाही, जमीन बरीच उंच आहे.

पंचगंगाकाठ · सोमवार, रात्री ११.२६

पंचगंगा नाही यायची, ओढा येईल. वर सगळीकडं प्लॉट पडलेत, काँक्रीट झालंय, पाणी मुरायला जागा राहिली नाही. तासाभराच्या ढगफुटीसारख्या पावसात ओढा काय करतो ते पुराच्या नकाशात दिसत नाही. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या, आणि त्या आखतात नदीला धरून. तुमच्या मागच्या ओढ्याची रेषा कोण आखणार? शेजारच्या जुन्या माणसांना विचारा, पाणी कुठवर आलं होतं. त्यांचा हात जिथं दाखवेल त्याच्या वर जोतं घ्या.

सावली · मंगळवार, सकाळी ७.१५

मुळात प्रश्न असा की आता वाचनालय हवंय कशाला? सगळं मोबाईलवर आहे. त्याच पैशात योगा हॉल होईल, ज्येष्ठांना उपयोग तरी होईल.

दुसरी_गल्ली · मंगळवार, सकाळी ८.०२

सावलीताई, माझ्या घरी दोन खोल्या आणि पाच माणसं. एमपीएससीचा अभ्यास करायला मला टेबल, खुर्ची आणि शांतता लागते, ती मोबाईलवर मिळत नाही. खासगी अभ्यासिकेत महिन्याला पैसे भरून दीड फुटाच्या खोक्यात बसतो आम्ही.

धागाकर्त्यांना विनंती: अभ्यासिका करणार असाल तर तिचं दार वेगळं ठेवा. वाचनालय आठला बंद होतं, आम्हाला रात्री अकरापर्यंत बसायचं असतं. आणि ते दार रस्त्याकडं हवं, उजेडात. एका ठिकाणी अभ्यासिका मागच्या अंगाला काढली होती, वाटेवर दिवा नाही. पहिल्या महिन्यात मुली आल्या, दुसऱ्या महिन्यात निम्म्या, मग फक्त मुलंच. नंतर पदाधिकारी म्हणाले, मुलींचा प्रतिसाद नाही.

आजीचा_चष्मा · मंगळवार, सकाळी ८.४०

+१. स्वच्छतागृहही तिकडूनच जाता येईल असं. त्यासाठी सगळं वाचनालय उघडं ठेवायला लावू नका.

निवृत्त_ग्रंथपाल · मंगळवार, सकाळी ११.१०

थोडं सविस्तर लिहितो, राहवत नाही म्हणून.

कोल्हापूरला वाचनालयाचं वेड जुनं आहे. करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० ची. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा कोल्हापूर संस्थानानं १९४५ सालीच केला होता. मद्रासचा १९४८ चा आणि महाराष्ट्राचा तर १९६७ चा. तेव्हा सावलीताई, योगा हॉल जरूर व्हावा, पण या जागेवर नको.

आता आराखडा. आर्किटेक्ट लोक बाहेरून आत बघतात, ग्रंथपाल काउंटरवरून बाहेर बघतो. सार्वजनिक वाचनालयात माणसं किती असतात? एक ग्रंथपाल, एक लिपिक, एक शिपाई, तेही अनुदान वेळेवर आलं तर. एवढ्या माणसांत मुक्त प्रवेश द्यायचा, म्हणजे वाचकाला स्वतः कपाटापर्यंत जाऊ द्यायचं, तर देवघेवीच्या टेबलावरून दार आणि सगळ्या रॅकच्या गल्ल्या दिसल्या पाहिजेत. पर्याय २ मध्ये चारी बाजूंना दारं आहेत असं मी धरतो. तिथं पुस्तकं जातील कुठून ते कळणारही नाही. पर्याय १ चा लांबट चौकोन चालेल, पण दूरचं टोक आंधळं राहतं.

एल आकाराचा मोठा गुण असा की काउंटर कोपरात बसवला की दोन्ही हात एका नजरेत येतात. रॅक नजरेच्या दिशेत लावायचे, आडवे नाही. म्हणून मी एलच्या बाजूनं. फक्त तुमच्या पर्याय ३ मध्ये कोपर नैर्ऋत्येला, पार मागं गेलाय. वाचक फाटकातून आत येऊन अख्खं अंगण ओलांडून, जुलैच्या पावसात, छत्री सांभाळत काउंटरपर्यंत येणार. ज्येष्ठ मंडळी आठवड्यात पेपर वाचायला यायची बंद होतील.

आणि ग्रंथालयशास्त्रातले डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली सांगितलेल्या पाच सूत्रांतलं शेवटचं विसरू नका: ग्रंथालय ही वाढणारी संस्था आहे. सतरा हजारांचे तीस हजार होणारच. ते कुठं ठेवणार, याचं उत्तर आज नकाशात दिसायला पाहिजे.

पेठेतला · मंगळवार, सकाळी ११.१८

सर, एक नंबर. पण गाडी?

वास्तुमित्र · मंगळवार, दुपारी १.०५

नैर्ऋत्य जड आणि ईशान्य मोकळी हवी. पर्याय ३ त्या दृष्टीनं उत्तम आहे. चिंच मात्र काढून टाका, वास्तूत चिंच अशुभ. शिवाय तिच्यावर काय काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे.

तांबडा_पांढरा · मंगळवार, दुपारी १.११

भूत वाचणारं असेल तर वर्गणी घ्या. रात्रपाळीचा राखणदार फुकटात.

आजीचा_चष्मा · मंगळवार, दुपारी १.३०

झाड तोडायला परवानगी लागते वास्तुमित्र, आणि ती मिळायलाही नको. एवढी चिंच लावून वाढवायला दोन पिढ्या जातात. (पाला मात्र फार पडतो. गच्चीच्या पन्हाळ्या दर पंधरवड्याला साफ करायची तयारी ठेवा.)

उन्हाळी_सुट्टी · मंगळवार, दुपारी ३.४५

मी वास्तुविशारद आहे, पण या कामाशी संबंध नाही. कळंबेकर, तुम्हाला काय खटकतंय ते सांगू? तुमचा एल उलटा बसलाय.

पर्याय ३ चा मोठा हात पश्चिमेला आहे. म्हणजे दुपारी तीननंतरचं तिरकं ऊन थेट वाचन कक्षात. हे ऊन छज्जानं अडत नाही, कारण ते वरून येत नाही, समोरून येतं. मार्च ते मे पडदे ओढून दिवे लावून बसावं लागेल. पावसाळ्यात वारा-पाऊसही त्याच बाजूनं, म्हणजे ओल. ओल आली की बुरशी आणि कसर मागोमाग. वर विटा_सिमेंट यांची काळी माती आणि पंचगंगाकाठ यांचा ओढा, सगळं त्याच हाताच्या वाट्याला आलंय. आणि अंगण रस्त्याकडं उघडं ठेवून हॉर्न आणि धूळ आत बोलावलीय.

एल फिरवा. एक हात रस्त्याकडं, दुसरा दक्षिणेला, कोपर आग्नेयेला. तिथंच मुख्य दार आणि काउंटर, फाटकापासून चार पावलांवर. अंगण वायव्येला, चिंचेखाली. सखल भाग मोकळा राहिला की ओढ्याचं पाणी आलं तरी अंगणात येईल, पुस्तकांत नाही. दक्षिणेच्या हाताची मंगल कार्यालयाकडची भिंत जाड आणि बिनखिडकीची, तिला लागून रॅक. भरलेल्या रॅकइतका आवाज अडवणारा दुसरा स्वस्त पडदा नाही. पुढच्या हातात वाचन कक्ष, आणि त्याच्या उत्तर टोकाला रस्त्याकडं दार असलेली अभ्यासिका. दुसरी_गल्ली यांनी म्हटलं तसं.

विटा_सिमेंट · मंगळवार, दुपारी ४.२०

पटलं. दोन्ही हात बऱ्यापैकी मुरमावर येतात. फक्त दक्षिणेचा हात मागं जाईल तसा उतारावर जाणार, तिथं जोतं तीन-चार फूट उचलावं लागेल. भराव करू नका, कॉलमवर घ्या, खालून पाणी जाऊ दे.

पण एक शंका. पुढच्या हाताच्या अंगणाकडच्या खिडक्या पश्चिमेलाच उघडणार ना? म्हणजे ऊन-पाऊस परत आलाच.

उन्हाळी_सुट्टी · मंगळवार, दुपारी ४.४८

बरोबर पकडलंत. म्हणून त्या बाजूला आठ फूट रुंद सोपा, जुन्या वाड्यांना असतो तसा, अंगणाकडं उतरत्या कौलांचा. पाऊस तिथंच अडतो, उतरतं ऊन बरंचसं चिंच अडवते. बाकं टाकली की पेपर वाचणाऱ्यांची सोयही तिथंच. बारीक कामाचा उजेड उत्तरेकडून घ्या. आपलं कोल्हापूर १६.७ अक्षांशावर, त्यामुळं मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. पण तो इतका डोक्यावर असतो की दोन फुटांचा छज्जा पुरतो.

पंचगंगाकाठ · मंगळवार, सायंकाळी ६.३०

जोतं उचलणार असाल तर माझा विरोध मागं. तरी सगळ्यात खालची फळी जमिनीपासून फूटभर वर ठेवा, आणि दुर्मिळ ग्रंथ, जुने अंक, दाखल नोंदवही हे वरचा मजला झाल्यावर वर न्या.

विटा_सिमेंट · मंगळवार, सायंकाळी ६.४१

वरच्या मजल्याचा तेवढा भाग सहाशे किलोनं डिझाइन करायला आत्ताच सांगा. कॉलम आणि पाया आज त्या हिशेबानं घातले तर थोडा खर्च वाढतो. दहा वर्षांनी करायला गेलात तर जमणारच नाही. ग्रंथपाल सरांच्या तीस हजारांचं उत्तर तेच.

पेठेतला · मंगळवार, सायंकाळी ७.००

मी आपला परत विचारतो. गा. डी.

कळंबेकर · मंगळवार, रात्री ९.१५

पेठेतला, तुझ्या गाडीसाठी खास उत्तर: समोरच्या मार्जिनमध्ये (नियमानं मोकळी सोडायची जागा) दुचाकी, वर पत्र्याची शेड. चारचाकी ईशान्येला चार-पाच, नियमात बसतील तेवढ्या. मागं पार्किंग दिलं तर कोणी जाणार नाही, सगळे रस्त्यावरच लावणार, हे आम्हालाही ठाऊक आहे.

बाकी सगळ्यांचे आभार. उलट्या एलचं कच्चं रेखाटन घेऊन आज आर्किटेक्टकडं गेलो होतो. ते नाराज नाही झाले, उलट म्हणाले, "कार्यकारिणीनंच दर्शनी अंगण मागितलं होतं, उद्घाटनाला मांडव घालायला." उद्घाटन एक दिवसाचं, इमारत पन्नास वर्षांची. ट्रायल पिट गुरुवारी घेतोय. शेजारच्या एका आजोबांनी पाण्याची खूण दाखवली, चिंचेच्या बुंध्याच्या थोडी वर. आमच्या पर्याय ३ मधलं जोतं त्याच्या खाली होतं.

एक अडचण राहिली: बालविभाग. अभ्यासिकेशेजारी पोरं नकोत, वाचन कक्षात तर नकोतच.

निवृत्त_ग्रंथपाल · मंगळवार, रात्री ९.३२

दक्षिणेच्या हाताच्या पश्चिम टोकाला द्या, रॅकच्या पलीकडं. काउंटरवरून सरळ दिसतो. मंगल कार्यालयाच्या डॉल्बीचा त्रास ज्यांना होणार नाही असा वाचकवर्ग तेवढाच आहे.

तांबडा_पांढरा · मंगळवार, रात्री ९.३५

नाचत नाचत वाचतील.

दुसरी_गल्ली · मंगळवार, रात्री ९.५०

व्हीलचेअरचं बघा. जोतं तीन-चार फूट म्हणजे रॅम्प १:१२ नं (फूटभर चढाला बारा फूट) छत्तीस ते अठ्ठेचाळीस फूट लांब होतो, मध्ये विसाव्याची सपाट जागा वेगळीच. तो शेवटी कुठंतरी कोंबला तर कामाचा राहत नाही. मुख्य दार पुढं रस्त्याच्या पातळीजवळ ठेवलं तर रॅम्प तिथं दोन-तीन पायऱ्यांपुरताच लागेल, आणि आतली फरशी सगळी एका पातळीत.

उन्हाळी_सुट्टी · मंगळवार, रात्री १०.०५

अगदी बरोबर. फरशीची पातळी रस्त्यावरून ठरवायची, उतारावरून नाही. रॅकच्या गल्ल्याही साडेतीन फुटांच्या आत घेऊ नका, चाकाची खुर्ची आरामात गेली पाहिजे.

सावली · मंगळवार, रात्री १०.२०

सोपा आठ फूट रुंद आहे म्हणता, तर सकाळी सहा ते सात तिथं योगा चालेल का?

कळंबेकर · मंगळवार, रात्री १०.२४

चालेल ताई. सभासद झालात तर.

आजीचा_चष्मा · बुधवार, सकाळी ७.५०

उत्तरेला शाळेचं मैदान आहे म्हणालात ना? मग मधल्या भिंतीत, चिंचेजवळ, लहानसं फाटक ठेवा. मधल्या सुट्टीत पोरं मैदानातून थेट अंगणात येतील आणि तिथून बालविभागात. नाहीतर त्यांना चाळीस फुटी रस्त्यावरून वळसा घालून यावं लागेल, आणि शाळा एकटीदुकटी पोरं रस्त्यावर सोडणार नाही.

कळंबेकर · बुधवार, सकाळी ८.३०

हे फार उत्तम. मुख्याध्यापिकाबाईंना आजच भेटतो. शाळेनं होकार दिला तर तेवढा भाग नकाशात घालूनच मंजुरीला पाठवू.

निवृत्त_ग्रंथपाल · बुधवार, सकाळी ८.४१

जरूर. फक्त त्या फाटकाची कडी आपल्या बाजूनं ठेवा, आणि ते काउंटरवरून दिसतंय का हे आधी रेखाटनावर पट्टी ठेवून बघा.